नणंद स्वीडनहून येतेय आणि मनात अजून २०२१ चा एप्रिल आहे

पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी कोथरूडला राहते, वय ४१. घरी नवरा, मुलगा आणि सासूबाई (७६). नणंद बरीच वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते, नवरा तिकडचाच, एक मुलगी आहे. २०२० मध्ये आमचे फोनवर सारखे वाद व्हायचे. ती म्हणायची इथे शाळा चालू आहेत, मास्क कोणी घालत नाही, लोकांचा सरकारवर विश्वास आहे, तुम्ही उगाच घाबरताय आणि तुमच्याकडे पोलीस काठ्या मारतायत. २०२१ च्या एप्रिलमध्ये अण्णा म्हणजे माझे सासरे कोविडने गेले. तिला येता आलं नाही. तेराव्याला फोनवर म्हणाली, 'तुम्ही त्यांना आधी का नाही हलवलं?' माझ्याही तोंडून गेलं, 'तुमच्याकडे म्हातारी माणसं होममध्ये ठेवून मरू दिली, तू मला शिकवू नकोस.' तेव्हापासून फक्त वाढदिवसाला बोलतो. आता डिसेंबरमध्ये ती सगळ्यांना घेऊन दोन महिने येतेय, राहणार आमच्याकडेच. सासूबाई खूश आहेत, मला झोप नाही. विषय काढू का गप्प बसू? तिच्यावर विश्वासच राहिला नाहीये. अण्णा घरी होते तेव्हा दर दोन तासांनी ऑक्सिजन बघून मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहायचे, हे तिला माहीत पण नाही. अजून एक, आमच्या पोळ्यावाल्या मावशी पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतून येतात. सोसायटीने त्यांना सहा महिने आत घेतलं नाही. आम्ही पहिला महिना पूर्ण पैसे दिले, मग अर्धे, मग बंद. त्या परत आल्या पण पहिल्यासारख्या बोलत नाहीत. हे सगळं एकच आहे का?"

हो गं, बरंचसं एकच आहे, मावशींचं पण सांगते, पण डिसेंबर तोंडावर आलाय म्हणून आधी नणंदेचं बघू.

विषय काढ. दोन महिने एका घरात, एका किचनमध्ये, एक शब्द न काढता निघणार नाहीत, कधीतरी कुकरच्या शिट्टीवरून किंवा पोरीच्या खोकल्यावरून तो विषय निघणारच आणि तेव्हा सासूबाई समोर असतील. त्यापेक्षा तू ठरवून काढ. फक्त 'तुमचा देश बरोबर का आमचा' हा वाद परत सुरू करू नकोस, तो तुम्ही वर्षभर फोनवर घातलाय आणि त्यात दोघींपैकी कोणाचंच बरं झालेलं नाही.

'इथे लोकांचा सरकारवर विश्वास आहे' हे तिचं वाक्य तुला टोमण्यासारखं लागलं, कोणालाही लागलं असतं. पण ती ते कशाच्या जोरावर म्हणत होती ते बघ. तिथे साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत रोज दुपारी मंत्री नाही, अँडर्स टेग्नेल नावाचे साथरोगतज्ज्ञ टीव्हीवर यायचे, कारण आरोग्याचे असे निर्णय तिथली सार्वजनिक आरोग्य संस्था घेते आणि मंत्र्याला त्यात रोजच्या रोज हात घालता येत नाही. शांततेच्या काळात सगळ्या देशाला घरात बसवायची सोय त्यांच्या कायद्यात नव्हतीच. आणि मार्च २०२० मध्येच त्यांनी एक गोष्ट केली, आजारपणाच्या रजेत पहिल्या दिवसाचा जो पगार कापला जायचा तो सरकार भरून द्यायला लागलं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच आणायची अट सैल केली. म्हणजे घसा खवखवला तर घरी बसा एवढंच लोकांना सांगितलं, आणि घरी बसलं तरी महिनाअखेर घर चालत होतं. अशा ठिकाणी माणूस सरकारचं ऐकतो, त्यात त्याचा शहाणपणा किती आणि खिशातला आधार किती हे तूच ठरव.

आणि आपल्याकडे काय झालं, २४ मार्चला रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद, मधल्या चार तासांत सगळे किराणा दुकानाच्या रांगेत. दूध घ्यायला निघालेल्या माणसाला नाक्यावर उठाबशा. पेठांमध्ये गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. जो साथरोग कायदा तेव्हा लावला तो १८९७ चा, आणि १८९७ म्हटलं की पुणेकराला काय आठवतं ते तुला सांगायला नको. प्लेगमध्ये इंग्रज अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरात घुसले, देवघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढून जाळलं, लोक आजारी माणसं लपवायला लागली, आणि जूनमध्ये गणेशखिंड रोडवर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना चालवला, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणलं आणि १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. पुणं तेच, आजार तोच. सोल्जरला बघून लोकांनी दारं लावून घेतली, आणि सावित्रीबाईंच्या दवाखान्यात लोकांनी आपली माणसं ठेवली. म्हणून कोणी म्हणालं ना की आपल्या लोकांना शिस्तच नाही, आपला कशावर विश्वासच नाही, तर मला ते पटत नाही. समोरून कोण आलं आणि कसं आलं यावर ते ठरतं. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७७ देशांचा एक अभ्यास आला होता, त्यातही हेच दिसलं की जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर विश्वास जास्त तिथे लागण कमी, आणि कागदावर साथीची तयारी किती होती याचा तितका संबंध लागला नाही.

तर तुझी नणंद भोळी नव्हती आणि तू घाबरट नव्हतीस. ज्या गावात जे मिळालं त्यावर दोघी वागत होता. हे तू आधी स्वतःशी मान्य कर, नाहीतर तिच्याशी बोलताना आवाज चढणारच.

आता तुझ्या वाक्याबद्दल. 'होममध्ये ठेवून मरू दिली.' ते खरं होतं म्हणूनच जास्त लागलं असणार. स्वीडनमध्ये पहिल्या लाटेत वृद्धाश्रमांमध्ये खूप माणसं गेली, १ एप्रिल २०२० पासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत नातेवाईकांना भेटायलाच बंदी होती, तिथे काम करणाऱ्या बऱ्याच बायका तासावर पैसे घेणाऱ्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्याच सरकारने नेमलेल्या आयोगाने सांगितलं की म्हाताऱ्यांना वाचवण्यात देश कमी पडला, आणि त्यांचे राजेसाहेबही जाहीरपणे म्हणाले की आपण अपयशी ठरलो. पुढे सगळ्या वर्षांचा हिशोब केल्यावर स्वीडनचे आकडे युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा बरे निघाले हेही तितकंच खरं, पण पहिल्याच लाटेत ज्याची आई गेली त्याला त्याचं काय. तुझ्या नणंदेच्या सासूबाई तेव्हा कुठे होत्या? पत्रात नाहीये, मला वाटतं तुलाही माहीत नाही. विचार तिला. कदाचित ते घर सहा महिने खिडकीच्या काचेतून आईला बघत होतं आणि तू नेमकं त्याच जागी बोट ठेवलंस.

आणि ती तिथे कितीही वर्षं राहिली तरी बाहेरून आलेलीच ना. स्टॉकहोममध्ये सुरुवातीला जे लोक गेले त्यात सोमाली कुटुंबातली माणसं त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त होती, छोटी घरं, टॅक्सी चालवणं नाहीतर वृद्धाश्रमात काम करणं, तीन पिढ्या एकत्र, आणि सूचना त्यांच्या भाषेत उशिरा पोचल्या. 'घरात म्हातारं माणूस नसतंच' असं धरून आखलेले नियम तीन पिढ्यांच्या घराला कसे लागू पडणार. तुझी नणंद पुण्यात अशाच घरात वाढली, तिला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही, फक्त फोनवर तुला सांगताना तिला आपला संसार, आपला निर्णय बरोबर होता हेच सांगावंसं वाटलं असेल. लांब राहणाऱ्या माणसाला माहेरी आपण सुखात आहोत हे दाखवायची फार घाई असते.

'आधी का नाही हलवलं.' हे वाक्य तू रात्री उशीवर डोकं ठेवलं की ऐकतेस, ते कळलं मला. पण बघ, तिला काय माहीत होतं? व्हिडिओ कॉलवर अण्णा दिसायचे, बोलायचे, आणि मग एका दिवशी दिसले नाहीत. मधलं काहीच तिच्याकडे नाही. त्या एप्रिलमध्ये पुण्यात ऑक्सिजन बेडसाठी लोक चाळीस चाळीस फोन करत होते, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांमधले अर्धे नंबर लागायचे नाहीत, रेमडेसिविरची चिठ्ठी घेऊन माणसं पहाटेपासून मेडिकलबाहेर उभी, हे तिने बातम्यांत पाहिलं असेल पण बातमी पाहणं वेगळं आणि स्वतः फोन फिरवणं वेगळं. तुमचे डॉक्टर काय म्हणाले, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती खाली आला, ९४ च्या खाली गेल्यावर किती वाजता तुम्ही फोन सुरू केले, बेड कधी मिळाला, हे तिला कोणी सांगितलंय का? मला वाटतं त्या घरात हे कोणी कोणाला सांगितलेलंच नाहीये, तुम्ही सगळे तेरावं उरकून आपापल्या कामाला लागलात.

म्हणून ती वही तिला दे. सफाई म्हणून देऊ नकोस. बाजूला बस आणि पहिल्या पानापासून दाखव, हे सकाळी सहाचं, हे आठचं, इथे त्यांनी पेज खाल्ली, इथे चिडले आणि म्हणाले बोटाला लावू नका ते आता. इथे अक्षर बिघडलंय कारण रात्रीचे तीन वाजले होते. एक पान दुधाचं, एक पान अण्णांचं असं असेल तर तसंच राहू दे, फोटो काढून नीट टाईप करून देऊ नकोस. तिला वडिलांचे शेवटचे दिवस मिळालेच नाहीत गं. मार्च २०२० पासून पूर्ण दोन वर्षं नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, जी स्पेशल होती त्यात लहान मुलीला घेऊन, टेस्ट करून, क्वारंटाईन होऊन ती पोचली असती तोपर्यंत काय उरलं असतं. वैकुंठ स्मशानभूमीत तेव्हा घरच्यांनाही लांबच उभं राहावं लागत होतं, ती तर मोबाईलच्या स्क्रीनवर.

तिच्या नवऱ्याचाही विचार कर. स्वीडनमध्ये माणूस गेला की अंत्यविधी महिन्याच्या आत केला तरी चालतो, दोन-तीन आठवड्यांनी सावकाश, सगळे जमल्यावर होतो. आपल्याकडे तासांत. अण्णा सकाळी गेले आणि दुपारी सगळं संपलेलं, हे त्याला त्या दिवशी कळलंच नसेल, त्यामुळे बायकोला काय म्हणावं हेही सुचलं नसेल. तो शांत माणूस असेल तर त्याला कोरडा समजू नका. सासूबाईंना पण हे आधी सांगून ठेव.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीयेस पण मला ती सगळ्यात जास्त दिसतेय. डिसेंबरमध्ये भाचीला ताप येणार. येणारच, हवा बदल, पाणी बदल, थंडी, फटाके झाले तरी धूर असतोच. स्वीडनमध्ये पोराला ताप आला की ११७७ या आरोग्य हेल्पलाईनला फोन करतात, तिकडून नर्स सांगते पाणी पाजा, पॅरासिटामॉल द्या, झोपू द्या, श्वासाला त्रास झाला किंवा पोर मलूल पडलं तर या. युरोपात सगळ्यात कमी अँटिबायोटिक वापरणाऱ्या देशांत तो देश आहे. आपण काय करतो, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे नंबर लावतो आणि औषधाची पुडी घेऊनच येतो, पुडीशिवाय आलो तर डॉक्टरच बदलतो. तर तुझी नणंद थांबू म्हणेल, सासूबाई म्हणतील आत्ता चला, आणि कोणीतरी, तू नाहीतर ती, पटकन बोलून जाईल, 'तेव्हा आम्हाला म्हणालीस आधी का नाही नेलं.' बघ, संपलं. एका साध्या तापात चार वर्षांचं सगळं बाहेर.

हे होऊ द्यायचं नसेल तर येण्याआधीच ठरवा. भाचीचा निर्णय तिच्या आईबापाचा, किती तापाला आणि किती दिवसांनी डॉक्टर हे त्यांनी सांगायचं आणि तुम्ही कोणी त्यात पडायचं नाही. सासूबाईंचा निर्णय तुझा आणि तुझ्या नवऱ्याचा, कारण त्यांचा बीपी, त्यांच्या गोळ्या, त्यांचे डॉक्टर तुम्हाला माहीत आहेत. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर तो सासूबाईंच्या खोलीत झोपणार नाही आणि त्यांच्याजवळ मास्क लावेल, ही एक गोष्ट सगळ्यांनी मान्य करायची, त्यात स्वीडन नको आणि पुणं नको. लिहून फ्रिजला लावायची गरज नाही, फोनवर एकदा मोठ्याने बोललात तरी पुरे.

मावशींकडे येते. नणंदेसाठी तू जी जागा मनात करायचा प्रयत्न करतेयस ना, तीच त्यांच्यासाठी कर. ९ मार्च २०२० ला पुण्यात जे पहिले पेशंट सापडले ते दुबईहून आलेले होते, त्यांचा काही दोष नव्हता, पण साथ विमानाने आली आणि सोसायट्यांचं गेट बंद झालं ते पर्वतीच्या उतारावरून चालत येणाऱ्या बायकांना. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत रक्ततपासणीचा सर्व्हे झाला तेव्हा निम्म्याहून जास्त, ५१.५ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत कमी आणि झोपडपट्टीत, सार्वजनिक संडास वापरणाऱ्यांत जास्त. कोणाच्या स्वच्छतेचा प्रश्न नव्हता तो, एका संडासाला किती घरं याचा होता. स्वीडनमध्ये आजारी म्हणून घरी बसणाऱ्याच्या पगाराला सरकारचा आधार होता, मावशींचा पगार भरणारे तुम्ही होतात, म्हणजे त्या वर्षात त्यांच्यासाठी सरकार तुम्हीच होतात, आणि पूर्ण पगार देऊन तुम्ही एकच महिना टिकलात. कडक बोलतेय, पण तू स्वतःहून लिहिलंयस म्हणजे ते तुला खुपतंय.

हिशोब कर आणि त्या महिन्यांचे राहिलेले पैसे आता दे. दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळू नकोस, साडीबरोबर देऊ नकोस, 'हे तेव्हाचे तुमचे राहिलेले' असं स्पष्ट म्हणून दे. एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यांत. आणि विचार की तेव्हा घरात कोण कोण आजारी होतं, रेशन कुठून यायचं. त्या सांगतील किंवा नाही सांगणार, नाही सांगितलं तर परत परत विचारू नकोस. पैसे दिले म्हणून त्या पहिल्यासारख्या गप्पा मारायला लागतील ही अपेक्षा पण नको, तो त्यांचा प्रश्न.

नणंदेला फोन करायच्या आधी एक मेसेज टाक असं मला वाटतं, फोनवर दोघी पटकन बचावात जाता. साधारण असं काहीतरी, तुझ्या भाषेत बदलून घे: "तू येतेयस, बरं वाटलं. तेराव्याला मी तुमच्या तिकडच्या म्हाताऱ्या माणसांबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं, सॉरी. तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तुला कधी दिलंच नाही. माझ्याकडे अण्णांच्या शेवटच्या दिवसांचं सगळं लिहिलेलं आहे, तू आलीस की आपण दोघी बसून बघू, तुला बघायचं असेल तर. तुझे ते दिवस तिकडे कसे गेले ते मला ऐकायचंय." एवढंच. 'पण' लावून पुढे काही लिहू नकोस. उत्तर लगेच नाही आलं तर निळ्या टिका बघत बसू नकोस, आठवडाभर जाऊ दे, नाहीच आलं तर येण्याचं तिकीट, गाडी, भाचीला दूध कोणतं चालतं असलं साधं बोलणं चालू कर आणि वहीचं ती आल्यावर बघ. ती म्हणाली की नाही बघायचं, तर ठेवून दे आणि कुठे ठेवलीय ते तिला सांग.

तुझ्या अख्ख्या पत्रात तुझा नवरा कुठेच नाहीये. वडील त्याचे, बहीण त्याची, हलवायचं कधी हा निर्णय काही तू एकटीने घेतला नसशील, पण तेराव्याच्या फोनवर सगळं अंगावर आलं तुझ्या. त्याला हे वाचायला दे. बहिणीला त्याने स्वतः फोन करायचा आणि सांगायचं की अण्णांना घरी ठेवायचं ठरवलं तेव्हा मी पण होतो, डॉक्टर पण होते, बेड शोधत मी पण फिरत होतो. तुझा मेसेज जायच्या आधी त्याचा हा फोन झाला तर जास्त बरं, तेव्हा या रविवारीच त्याला सांग.